दरेकशाच्या मंडईत 'सुरंग में सात लाशें'

१२ ऑक्टोबर, सालेकसा

आज दुकानात दरेकशाचे उदेभान सलामे आले होते. म्हणाले, यंदा मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, नाटकाच्या आधी तुमचा तो सिनेमा दाखवा. मी इतका खूश झालो की समोरच्या गिऱ्हाइकाचा पासपोर्ट फोटो हनुवटीवरून कापला.

तो सिनेमा म्हणजे 'सुरंग में सात लाशें'. मी अकरावीत असताना दरेकशाच्या जंगलात त्याचं शूटिंग झालं होतं. पुढच्या साली गोंदियाच्या टॉकीजमध्ये लागला तो आठवडाभरही टिकला नाही, पण तेवढ्यात मी तो चारदा पाहिला. पुढे व्हिडिओ पार्लर काढलं तेव्हा त्याची कॅसेट मिळवली आणि पार्लर बुडाल्यावर कॅसेटची फाइल करून घेतली. लग्नाच्या शूटिंगवर पोट भरलं, पण असले स्वस्तातले रहस्यपट हा माझा जुना छंद आहे. बायकोच्या, शामकलेच्या मते जुना आजार आहे.

सिनेमा फार चांगला आहे असं मी डायरीत तरी लिहिणार नाही. नावात सात प्रेतं आहेत, मोजली तर पाच भरतात; उरलेली दोन बजेटात बसली नसावीत. जंगली टोळीचा सरदार म्हणून मुंबईचा एक गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा पहिलवान घेतला आहे आणि त्याला बुटाचं पॉलिश फासलं आहे. मारामारीत घाम आला की गळ्याशी गोरा पट्टा उघडा पडतो. विष बनवणारा 'डॉक्टर चांग' चिनी, म्हणजे मुंबईच्याच कोणा नटाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून त्याला लोंबत्या मिशा डकवल्या आहेत. तो 'र'च्या जागी 'ल' बोलतो आणि मधेच विसरतो. बंगल्याच्या इंग्रज मालकाने सोनेरी विग घातला आहे, त्याची हिंदी थेट बनारसची. ज्याला जे शोभत नाही ते त्याला दिलेलं आहे. तरी शेवटी त्या मालकाचा दिवाणजी खुनी निघतो तेव्हा मला अजून मजा येते.

उदेभानचं कारण मात्र वेगळं आहे. त्यांचा चुलतभाऊ उदाराम या सिनेमात होता म्हणतात. तो नंतर रायपूरकडे रस्त्याच्या कामाला गेला, तिकडेच वारला आणि तिकडेच त्याला माती दिली. घरी त्याचा एकही फोटो नाही. मुलगी फुलवंता तेव्हा लहान होती. आता केशोरीला दिलेली आहे आणि मंडईला येणार आहे. "तिले तिचा बाप एक डाव पाहू द्या जी," उदेभान म्हणाले. मी शब्द दिला.

बऱ्याच वर्षांनी पडदा बांधायचा आहे. म्हणून ही डायरी सुरू केली.

१४ ऑक्टोबर

काल आणि आज सिनेमा डोळ्यांत तेल घालून पाहिला. उदाराम सापडला नाही.

टोळीचा नाच आहे तिथे तीस-चाळीस माणसं दिसतात. सगळी गवताचे घागरे घालून 'हुर्रे हुर्रे' करतात, पण एकही आपल्याकडची नाही. उदेभानला फोन लावला. ते म्हणाले, "आमी सारे गेलो होतो ना. नवे सदरे घालून, डोस्क्याले तेल लावून. तो डायरेक्टर म्हने, ये लोग आदिवासी नहीं लगते. वापस पाठवला आमाले." मग मुंबईहून आणलेल्या पोरांनाच पॉलिश फासलं म्हणे. उदारामाला तेवढं ठेवून घेतलं. तो आठवडाभर रोज जाई आणि आला की सांगे, सिनेमात सगळ्यात जास्त मीच हावो. काय केलं ते मात्र विचारलं की हसे.

गडी फेकत होता असं वाटतं. सगळ्यात जास्त तर डिटेक्टिव्ह आहे, त्याच्या खालोखाल दिवाणजी. पण हे फोनवर कसं बोलणार?

या निमित्ताने एक जुनी अढी पुन्हा वर आली. प्रत्येक खुनाआधी या सिनेमात चेहरा दाखवत नाहीत, नुसते दोन काळे अनवाणी पाय दाखवतात. भेगा पडलेल्या टाचा, घोट्यापर्यंत चिखल आणि मागे ढोल. ते पाय दरेकशाच्या रेल्वे बोगद्यातल्या गिट्टीवरून येतात, गवतातून येतात, बंगल्याची पायरी चढतात आणि उंबऱ्याशी थांबतात. डाव्या पायाला करंगळी नाही. म्हणजे प्रेक्षकाने समजायचं की खुनी जंगली माणूस आहे. आणि शेवटी निघतो कोण तर दिवाणजी, जो सबंध सिनेमाभर बूट काढत नाही. मग ती करंगळी गेली कुठे? इतक्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही. ही शुद्ध फसवणूक आहे. अकरावीत मात्र या पायांची मला एवढी धास्ती होती की रात्री पांघरुणाबाहेर पाय काढत नसे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बहिणी येऊन गेल्या. दुपारी केशोरीहून फुलवंताबाईंचा फोन. आवाज बारीक, बोलणं थोडं. सिनेमा नक्की आहे ना, हे दोनदा विचारलं. मग विचारलं, "भाऊ, बाप उभा हाय का बसला हाय त्याच्यात?"

मी म्हटलं, गर्दीत आहेत, नीट बघावं लागेल. फोन ठेवल्यावर बरं वाटलं नाही. शामकला भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "नसन तर नाई म्हनून सांगा ना. तिले कायले तंगवून ठेवता?" पण मंडईच्या तोंडावर नाही कसं म्हणणार? उदेभान कमिटीत आहेत. शो रद्द झाला तर?

२६ ऑक्टोबर

जागा पाहायला दरेकशाला जाऊन आलो. शाळेच्या पटांगणात पडदा चांगला बसेल. धान कापणीचे दिवस, गावात माणूस सापडेना. उदेभान शेतावर, धानाच्या बांधीतच भेटले. उदारामाविषयी अजून खोदून विचारलं तर म्हणाले, कसा दिसत होता हे आता त्यांनाही नीट सांगता येत नाही. उंच होता, हसरा होता. जंगलखात्याच्या कुपात झाडं तोडताना एकदा कुऱ्हाड निसटून पायावर बसली, तेव्हापासून जरा लंगडत चाले. ही चांगली खूण मिळाली. घरी येऊन नाचाचा सीन पुन्हा पाहिला, कोणी लंगडतंय का म्हणून. सगळे मजेत उड्या मारतात.

उदेभानची नात दिव्या गोंदियाला वकिली शिकते. मंडई कमिटीचं लिहिणं-सांगणं तीच बघते. तिला मी मोबाइलवर दहा मिनिटं सिनेमा दाखवला. तिने सरदाराचा गळा पाहिला, चांगच्या चिकटपट्ट्या पाहिल्या आणि पायांचा एक सीनही पाहिला. चेहरा जरा उतरला, मग हसली. म्हणाली, "दाखवा ना काका. आम्हाले पाहू द्या, आमच्यावर काय बनवलं होतं ते. फक्त सुरू करायच्या आधी दोन शब्द सांगा, कोन कोनाचा वेस घेऊन आला होता."

पोरगी सुसंस्कृत आहे, तोंडावर नाही म्हणाली नाही. पण मला समजायचं ते समजलं. तीस वर्षं लग्नाचं शूटिंग केलं आहे. घरचे कधी सांगत नाहीत, पण पिऊन नाचलेला काका आणि रुसलेली आत्या मी आपणहून कापतो. म्हणून तर लोक कॅसेट सोफ्यावर बसून सगळ्यांसोबत पाहू शकले. कोणाला काय खुपेल हे न सांगता ओळखणं हेच या धंद्यातलं कसब आहे.

२९ ऑक्टोबर

दोन दिवस एडिटिंग केलं. टोळीचा नाच काढला. 'हम जंगली लोग' म्हणते ती नायिका अर्धी काढली. सगळी काढली तर खून कोणाचा होतो ते कळत नाही. चांग ठेवला, चिनी लोक दरेकशाला येणार नाहीत. आणि पाय सगळे काढले. तेच सर्वांत वाईट होते. माणूस दाखवायचा नाही, नुसते काळे पाय दाखवून घाबरवायचं आणि खून दुसऱ्यानेच करायचा. एकही पाय ठेवला नाही. जोड दिसू नयेत म्हणून तिथे तिथे गुलाबाच्या पाकळ्या पडण्याचा इफेक्ट टाकला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच एक सफाईदार आहे.

सिनेमा अर्ध्या तासाने आखूड झाला, पण आता गुळगुळीत आहे. आणि करंगळीची भानगडही मिटली. इतक्या वर्षांनी कथा कशी सरळ झाली! कोणाला वाईट वाटणार नाही असा 'सात लाशें' दाखवणारा मी पहिलाच असेन.

शामकलेला दाखवला. ती म्हणाली, "खून करायले मानूस येऊनच नाई राहिला. नुसता फुलं पडते अन् मुडदा पडते."

तिला रहस्यपटातलं कळत नाही.

२ नोव्हेंबर

दुकानात गर्दी, लग्नाच्या तारखा सुरू झाल्या. फुलवंताबाईंचा काही विचार करू नये असं ठरवलं होतं, पण सारखा येतो. नाचात शेवटच्या ओळीत एकाचं तोंड झाडाआड आहे. तो उदाराम असू शकतो म्हणून सांगितलं असतं, पण तो सीन तर मी काढला. पुन्हा घालावा का? मग दिव्याला काय वाटेल? जाऊ दे. सिनेमाच्या भरात बाई विसरून जातील.

८ नोव्हेंबर, रात्री घरी आल्यावर

शो झाला. पटांगण भरलं होतं. लेकी-जावई, पाहुणे, धान कापून दमलेली माणसं, खांद्यावर पोरं. बाहेर पाळणा आणि जिलेबीची दुकानं. मी सुरू करायच्या आधी दोन शब्द बोललो: या सिनेमात आपलं दरेकसा दिसतं, तेव्हा अभिमानाने पाहा. टाळ्या पडल्या. दिव्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ती पोरांना खाली बसवत होती.

लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. बोगदा दिसला की शिट्ट्या. पॉलिशवाल्या सरदाराला पाहून बाया इतक्या हसल्या की संवाद ऐकू येईना. मागून एक जण ओरडला, अरे ह्याले आंघोळ घाला. मला वाटलं होतं त्यांना अपमान वाटेल. त्यांना गंमत वाटत होती, आणि गंमत वाटतानाही काही म्हाताऱ्या गप्प होत्या. पाकळ्यांनाही लोक हसले. ते मला आवडलं नाही.

फुलवंताबाई पहिल्याच रांगेत सतरंजीवर बसल्या होत्या. नवं लुगडं, पंचेचाळीसच्या आसपासचं वय. त्या एकदाही हसल्या नाहीत. पडद्यावर कोणीही आलं, हवालदार आला, बैलगाडीवाला आला, की मान पुढे काढून बघत. मी प्रोजेक्टरपाशी असल्याने मला त्यांची पाठच दिसत होती, आणि सिनेमा संपेपर्यंत मी पडद्यापेक्षा ती पाठच जास्त पाहिली.

संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "नाई दिसला भाऊ. मलेच वरखता नसन आला." बापाला ओळखता आलं नाही हा दोष स्वतःकडे घेतला, आणि जिलेबीचा पुडा माझ्या हातात दिला, शामकलेसाठी. दिव्या एवढंच म्हणाली की मोबाइलवर पाहिला तेव्हा काही वेगळं होतं.

९ नोव्हेंबर, सकाळी

झोप लागली नाही. शेवटी ठरवलं की आज दरेकशाला जाऊन लॅपटॉपवर पूर्ण सिनेमा त्यांना दाखवायचा. सगळा पाहिला की उदाराम नाही हे त्यांचं त्यांनाच कळेल आणि माझ्या डोक्यावरचा भार उतरेल. माझ्यावर नंतर बोल नको की टेकचंदने लपवलं. शामकला म्हणाली, मीही येते.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ. उदेभानच्या ओसरीवर

सगळं झालं तसं लिहून ठेवतो. माझ्याच्याने नंतर नीट लिहवणार नाही.

लॅपटॉप खाटेवर ठेवला. फुलवंताबाई, उदेभान, दिव्या आणि शामकला पुढे बसले. पहिला खून दहाव्या मिनिटाला आहे. ढोल सुरू झाला आणि ते पाय गिट्टीवरून चालत आले. मी कापलेले. मी दिव्याकडे पाहणं टाळलं.

फुलवंताबाईंनी एकदम माझा हात धरला. मी थांबवलं. मला वाटलं, त्या घाबरल्या. त्या स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या आणि डाव्या पायाच्या कडेला, जिथे करंगळी नाही, तिथे बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"हा माहा बाप हाय," म्हणाल्या.

मी मूर्खासारखा म्हणालो की हे नुसते पाय आहेत, चेहरा नाही.

"चेहरा दिसला असता तर मले वरखता नसता आला भाऊ. चेहरा मले याद नाई. मी रोज सांजच्याले त्याचे पाय दाबो. ही जागा गुळगुळीत लागे. मी तिथं गुदगुल्या करो अन् तो हासे." मग त्या रडल्या, पण शांतपणे, पदर न लावता. शामकला त्यांना धरून बसली.

उदेभान म्हणाले, कुऱ्हाड बसली तो हाच पाय. मला त्यांनी हे त्या दिवशी बांधीत सांगितलं होतं आणि मी नाचात लंगडा माणूस शोधत होतो. डायरेक्टरला त्या नव्या सदऱ्यातल्या माणसांत एकच गोष्ट खरी आदिवासी वाटली, ती म्हणजे उदारामाच्या टाचा. तेवढ्या घेतल्या आणि वरचा माणूस मुंबईहून आणला.

पुढे आम्ही सबंध सिनेमा पाहिला. खरंच, सगळ्यात जास्त तोच आहे. प्रत्येक खुनाआधी आहे, बोगद्यात आहे, नाल्यात आहे. सगळे पाहत होते ते फक्त त्याला. डिटेक्टिव्ह बोलायला लागला की फुलवंताबाई मला पुढे सरकवायला सांगत.

मधे दिव्या माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "आम्हाले वाईट वाटू नये म्हणून कापलं ना काका? आधी आम्हाले विचारायचं होतं." मी म्हटलं, लग्नाच्या कामाची सवय. ती म्हणाली, "हो. पण हे आमचं लगीन नोहोतं." रागाने नाही म्हणाली. त्यामुळे जास्त लागलं.

आज रात्रीच पुन्हा पडदा बांधायचं ठरलं आहे. मंडईचे पाहुणे अजून गेलेले नाहीत. पूर्ण सिनेमा दाखवायचा, नाचासकट, पॉलिशसकट. आधी दोन शब्द दिव्या बोलणार आहे.

१० नोव्हेंबर

काल दिव्याने गावाला आधी सांगितलं: या सिनेमात जो सरदार दिसतो तो आपला नाही, जो नाचतो तो आपला नाही, जो खून करतो तोही आपला नाही. आपला माणूस एकच आहे आणि त्याचं तोंड त्यांनी दाखवलं नाही. पाय दिसले की ओळखा.

ढोल वाजला आणि पाय आले. ज्या पायांना गोंदियाच्या टॉकीजमध्ये मी घाबरलो होतो, त्यांना पाहून दरेकशाच्या पटांगणात म्हाताऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. एकीने नाव घेऊन हाक मारली. मग दर वेळी कोणी ना कोणी मारत गेलं.

शेवटच्या खुनाआधी ते पाय पायरी चढतात आणि उंबऱ्याशी थांबतात. तिथे फुलवंताबाईंनी मागे वळून माझ्याकडे हात केला. मी चित्र थांबवलं. पडद्यावर नुसता उंबरा आणि चिखलाने भरलेले दोन पाय, माणसाएवढे.

त्या उदेभानच्या घरात गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. आमच्याकडे माणूस बाहेरगावाहून घरी आला की आधी त्याला पाय धुवायला पाणी देतात, मग बाकीचं बोलतात. लहानपणी रायपूरच्या वाटेकडे पाहत त्यांनी किती संध्याकाळी तांब्या भरून ठेवला असेल, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनी तो तांब्या पडद्याखाली, बरोबर त्या पायांसमोर ठेवला आणि बाजूला जमिनीवर बसल्या.

चित्र थांबवलं तरी प्रोजेक्टरचा लॅम्प फुकट जळत राहतो, म्हणून फार वेळ थांबवायचं नाही हा माझाच नियम आहे. शामकलेने माझ्याकडे पाहिलं. फुलवंताबाई उठेपर्यंत मी बटणाला हात लावला नाही.